कंबर कसा!

जुलै आला की पन्हाळ्यावर आधी पाठी दिसतात, माणसं मागाहून. निळी सॅक, केशरी सॅक, वर गुंडाळलेली चटई, बाजूला लोंबणारा स्टीलचा मग. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती. चाल दोन दिवसांची, सामान पंधरा दिवसांचं.

मुक्कामाचं सामान बऱ्याच मोहिमांत टेम्पोतून पुढे गेलेलं असतं. मग पाठीवर काय आहे?

विचारून बघा. दोन पॉवर बँका, जाड टॉवेल, अर्धा किलो फरसाण आणि ‘लागलं तर असू दे’ म्हणून घेतलेल्या चार वस्तू. त्या चार वस्तू आजवर कधी लागलेल्या नाहीत. दर वर्षी वाटेवरचं मसाई पठार मात्र बघून येतात.

१२ जुलै १६६०ची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा, वर पाऊस, खाली चिखल. शिवाजी महाराजांबरोबर सुमारे सहाशे माणसं गडावरून उतरली आणि याच डोंगरातून विशाळगडाकडे निघाली. त्यांच्या खांद्यावर राजाची पालखी होती.

आपल्या खांद्यावर फरसाण.

म्हणून सांगतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर सॅक घरी ठेवा. कमरेची पिशवी बांधा. दुकानात तिला लंबर पॅक म्हणतात. मधे एक कप्पा, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या, रुंद पट्टा. एवढंच.

‘भावा, पोटाला काय बांधलंयस?’ हा प्रश्न येणारच. पोटाला नाही, कमरेला. फरक मोठा आहे. पट्टा पोटावर आवळला की चढावर श्वास अपुरा पडतो. तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे आणि पिशवी मागे, माकडहाडाच्या जरा वर. पुढे घेतलीत तर उतारावर स्वतःची पावलं दिसत नाहीत. उतारावर पावलं दिसणं बरं असतं.

आता हे काही परदेशातून आलेलं ज्ञान आहे का? आजोबांच्या कमरेला चंची होती. आजीच्या कनवटीला पैसे होते. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत जा, भाजीवाल्या मावशीची सगळी बँक कमरेला असते. पाण्याची घागर बाई कमरेवर घेते. गणपतीतला ढोल पोरं कमरेला बांधतात, तासन् तास वाजवतात. वजन कुठे घ्यायचं हे या गावाला शिकवायला नको.

मराठी माणूस कामाला लागताना कंबर कसतो. खांदा कसल्याचं कुणी ऐकलंय?

गेल्या पावसाळ्यात मसाईवरून कुंभारवाडीकडे उतरत होतो. जांभ्याची वाट, वर शेवाळ. पुढच्या पोराचा पाय जेमतेम वीतभर सरकला. पाय त्याने सावरला, पण पाठीवरची सॅक सावरली नाही. ती डावीकडे झुकली आणि तिच्यामागून तो गेला. कोपर फुटलं, गुडघा सोलला. बरोबरच्यांनी सॅक उघडून औषधाची पेटी शोधायला घेतली. टॉवेल निघाला, स्वेटर निघाला, फरसाण निघालं. पेटी सगळ्यात तळाला होती.

रक्त काही टॉवेल निघेपर्यंत थांबत नाही.

कमरेच्या पिशवीचा हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. पट्टा फिरवला की पिशवी पुढे. चेन ओढली की सगळं डोळ्यांसमोर. चिकटपट्टी, शिट्टी, टॉर्च, गूळ-शेंगदाणे, फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा, प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल आणि घडी होणारा पातळ रेनकोट. बसायची गरज नाही, ओझं उतरवायची गरज नाही. वजन अंगाला चिकटून आणि खाली असतं, त्यामुळे तोल जात नाही. पाठ मोकळी राहते, वारा लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीला सॅक घेऊन जोतिबाचा डोंगर चढलेल्या माणसाचा शर्ट बघा. पिळला तर बाटली भरेल.

सगळ्याला हीच पिशवी चालते असं मी म्हणत नाही. लहान मूल बरोबर आहे? मुक्काम आहे? सॅक घ्या, आणि वजन खांद्यावर न लोंबता कमरेच्या पट्ट्यावर येईल अशी घ्या. भर पावसात दिवसभर भिजायचं आहे? मग कोरडे कपडे हवेत, ते कमरेच्या पिशवीत मावत नाहीत. आणि पाणी! मसाई पठारावर सावली शोधायला गेलात तर मसाई देवीच्या देवळापर्यंत चालावं लागतं. उन्हाळ्यात दोन लिटरच्या खाली पाणी नेऊ नका. तेवढं पिशवीत बसत नसेल तर पिशवी बदला, पाणी कमी करू नका.

उलट टोकालाही गंमत आहे. पिशवी कमरेची म्हणून घ्यायची आणि तीत चार किलो कोंबायचे. मग ती घसरते, पट्टा मांडीवर येतो, माणूस एका हाताने पिशवी धरून गड चढतो. दोन-अडीच किलोंच्या पुढे ही पिशवी छळते. छोटी वस्तू घेतली की छोटंच भरावं, हे सांगावं लागतं?

लागतं. कारण मोठ्या पिशवीचा आणखी एक प्रताप आहे. जाताना ती गच्च असते, येताना हलकी. आतलं गेलं कुठे? पोटात गेलं ते कळलं, पण वेष्टनं कुणी खाल्ली? पठारावर झुडपाझुडपाखाली चकचकीत कागद आहेत, पाण्याच्या बाटल्या आहेत. मसाईवर पावसाळ्यानंतर इतकी बारीक फुलं येतात की गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. परवा गुडघ्यावर बसलो. आधी कुरकुऱ्याचं पाकीट दिसलं.

फडक्यातल्या भाकरीला वेष्टन नसतं.

हं, एक राहिलं. दोन बाटल्यांतलं पाणी आळीपाळीने प्या. एकच रिकामी केलीत तर पिशवी एका बाजूला ओढते आणि कमरेच्या त्या बाजूला संध्याकाळी कळ येते. आणि देवळापाशी भाकरी खाऊन उठलात की पट्टा पुन्हा बघा. भाकरी पिशवीतून पोटात गेलेली असते, त्यामुळे मघाची गाठ आता ना पिशवीला बसते, ना कमरेला.