सरकारमान्य पापणी

माणूस जिवंत आहे हे कशावरून ठरवायचं? श्वास, नाडी हे जुने प्रकार झाले. आता पापणी बघतात. मोबाइलवर गोल येतो, त्यात तोंड धरायचं आणि हुकूम आला की डोळे मिचकवायचे. मिचकले तर जिवंत. नाही मिचकले तर पुढच्या सोमवारी या.

परवा निराधार योजनेच्या पगारासाठी हयातीचा दाखला द्यायला वालूरकडची एक माय लेकाला घेऊन सेलूच्या कचेरीत आली. लेक तेवीस वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मान धरत नाही. एसटीत आडवं घालणार कुठं, म्हणून रिक्षा स्पेशल. साहेबांचा मोबाइल जिना उतरून रिक्षापर्यंत आला, ही मेहेरबानीच. मायनं लेकाची मान धरली, तर गोलात दोन तोंडं आली म्हणून अ‍ॅप रुसलं. "बाई, बाजूला व्हा." बाई बाजूला झाली, मान कलंडली, गोल रिकामा. मोबाइलच्या मते रिक्षात कुणीच नव्हतं. पोरगं अधूनमधून पापणी हलवत होतं, पण आपल्या सवडीनं.

सेलूत गल्लोगल्ली क्लासेस आहेत, एक पापण्यांचाही निघावा. पहिल्या महिन्यात डावी, दुसऱ्यात उजवी, तिसऱ्यात दोन्ही एकदम, आणि तीही नेमकी रेंज असताना. तीन महिने झाले की तोंडी परीक्षा. पास झालेल्या दिव्यांगाला महिना २,५०० रुपये. ऑक्टोबर २०२५ च्या आधी १,५०० च होते, म्हणजे धंद्याला भाव आहे. अडचण एवढीच, की घरचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. ज्याला क्लासची फी परवडते, तो परीक्षेलाच बसू शकत नाही.

आणि ती माय? तिला विचारलं, "तुम्ही काय करता?" म्हणाली, "काही नाही, ह्याच्यापाशीच असते." लिहिणाऱ्यानं लिहिलं : काही नाही. रात्रीतून चारदा कूस बदलायची, घास कुस्करून भरवायचा, तो ठसकला की पाठ चोळायची, बाप्याएवढ्या लेकाला एकटीनं उचलून न्हाऊ घालायचं, स्वतःला ताप आला तरी हे सगळं करायचं : काही नाही! तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्याचा दाखला मात्र कुणी मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहून ठेवलाय. आमच्या बाजारात कुणी तो मोडून भाजी घेतल्याचं ऐकिवात नाही. ३० एप्रिल २०२५ ला तर सुप्रीम कोर्टाचा निकालही लागला : अ‍ॅसिडनं चेहरा होरपळलेल्यांना, दिव्यांगांना केवायसी करता आलं पाहिजे, डोळे मिचकावणं हाच जिवंतपणाचा पुरावा धरू नका, दुसरी सोय करा. तो निकाल अजून सेलू स्टेशनावर उतरलेला दिसत नाही.

सोय काही अवघड नाही. २०२४ च्या निवडणुकीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांनी अर्ज केला, तर मत घ्यायला पेटी घेऊन माणसं घरी येत होती. मतासाठी ज्यांचा उंबरा सापडतो, त्यांचा पगारासाठीही सापडला पाहिजे. वर्षातून एकदा माणूस घरी पाठवा, डोळ्यांनी बघा, सही करा. आणि त्या कागदावरचं 'काही नाही' खोडून मायला तिचा भत्ता द्या.