कॅमेरावाले भाऊ

पश्चिमेस समुद्र, पूर्वेस वारल्यांचे डोंगरपाडे, उत्तरेस गुजरातची हद्द आणि मधून रात्रंदिवस धडाडणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशा चतुःसीमेच्या आत वसलेल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत ज्या एकाच गृहस्थाला प्रत्येक घराचे पुढचे दार, मागचे दार, कपाटाची भिंत आणि त्या घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, ही सारी माहिती एकाच वेळी अवगत असते, तो गृहस्थ तलाठी नव्हे, पोस्टमन नव्हे आणि फौजदार तर नव्हेच नव्हे. तो म्हणजे घरोघर कॅमेरे बसवून देणारा इसम होय. त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ अशा दोन प्रतिज्ञा रंगवलेल्या असतात; पैकी पहिली तो निष्ठेने पाळतो. गावात असे चार-पाच जण असले तरी सर्वांना ‘भाऊ’ हे एकच नाव पुरते.

भाऊंचे वय तिशी-पस्तिशीच्या घरात असते. पूर्वाश्रमी ते डिशच्या छत्र्या बसवीत असत. लोकांना जग दाखवण्याचा तो व्यवसाय मोबाईलने बुडवल्यावर त्यांनी लोकांना लोक दाखवण्याचा हा नवा व्यवसाय पत्करला. त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर ‘थ्री प्लस वन’ केबलचे नव्वद मीटरचे वेटोळे असते, पाठीवरच्या थैलीत ड्रिल मशीन, गिट्ट्या, स्क्रू आणि चिकटपट्ट्या नांदत असतात, आणि मागे बसलेल्या पोऱ्याच्या खांद्यावर अ‍ॅल्युमिनियमची शिडी अशा काही थाटात आडवी असते की सागर नाक्यावरची रहदारी, जी रुग्णवाहिकेलाही सहसा वाट देत नाही, ती आपण होऊन दुभंगते. शेठजींशी गुजरातीत, मुंबईकराशी हिंदीत, पाड्यावर वारलीत आणि बायकोशी फोनवर केवळ हुंकारांत ते बोलतात.

पहिल्या भेटीत किमतीचा उच्चार ते करीत नाहीत. ओट्यावर बसून चहा घेतात, डोळे बारीक करून छपराच्या वाशांकडे पाहतात, आणि मग, जबानी घेण्यात उभी हयात गेलेल्या जमादाराच्या सहजतेने विचारतात, “काका, संशय कोणावर?” आपण गडबडून म्हणावे, “कोणावरच नाही हो, आपली सावधगिरी.” त्यावर भाऊ समजूतदारपणे मान हलवतात. “पहिल्या दिवशी सगळे असंच सांगतात. पॉइंट कुठे मारायचा ते सांगा, म्हंजे मला कळतं.”

आणि त्यांना खरोखरच कळते. चोराकरिता कॅमेरा लावणारे गिऱ्हाईक आपण अद्याप पाहिलेले नाही, हा त्यांचा दीर्घ व्यासंगाने सिद्ध झालेला सिद्धांत आहे. किराणा दुकानदार ‘दुकानासाठी’ म्हणून जो घुमटाकार डोम कॅमेरा घेतो, त्याचे तोंड रस्त्याकडे नसून गल्ल्याकडे असते, आणि गल्ल्यावर त्याचा सख्खा धाकटा भाऊ बसतो. महामार्गावरचा धाबेवाला एक कॅमेरा ट्रक उभे राहतात तिथे लावतो आणि तीन भटारखान्यात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर चिकूचा भाव किती वाढला याविषयी बागायतदारांत मतभेद असतील, पण तोलकाट्यावर रोखलेला बुलेट कॅमेरा हवा याविषयी मतभेद नाही. या मुलखात, झरी गावी १९४५ साली किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगारीस साफ नकार दिला, तेव्हाच्या सावकारांना मजुरांवर नजर ठेवण्यासाठी कारभारी पोसावे लागत. आताच्या मालकाचे काम एका खांबावर भागते, आणि खांब जेवायला मागत नाही. मात्र तो खांब कोठे रोवायचा, हे ज्याच्या हातात असते त्या माणसाची योग्यता मालकांच्या ध्यानात सहसा येत नाही.

ती माझ्या ध्यानात आली ती बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या एका बंगल्यात. मुंबईची उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. बंगल्याचे मालक मात्र तिने येत नाहीत, ते मोबाईलवरून येतात. त्या मालकांना बोलका कॅमेरा हवा होता, म्हणजे मध्यरात्री बोरिवलीहून “ए, ऊठ!” अशी आज्ञा सोडली असता ती ओटीच्या भिंतीतून प्रकट होऊन रखवालदाराची झोप मोडील, अशी ती योजना होती. भाऊ शिडीवर चढून पेटीचे स्क्रू आवळीत होते, आणि साठीचा रखवालदार खाली आपल्या बाजेवर बसून, स्वतःच्या फाशीचा दोर कोण कसा वळतो आहे हे पाहावे तसा, निर्विकारपणे वर पाहत तंबाखू मळीत होता. काम झाले. भाऊ उतरले, त्यांनी मोबाईलवर चित्र पाहिले, आणि मग एक शब्दही न बोलता पायातली चप्पल काढून टाचेने ओटीवरच्या धुळीत भिंतीपासून कठड्यापर्यंत एक वाकडी रेघ ओढली. “दादा, इथून पुढे दिसतं,” ते म्हणाले, “इथून मागे नाय दिसत.” रखवालदाराने क्षणभर त्या रेघेकडे पाहिले, बाज उचलली, दोन हात मागे सरकवली, आणि आत जाऊन चहाचे आधण ठेवले. त्या चहात दूध बरेच होते.

मी त्यांना बाहेर गाठून म्हटले, “भाऊ, ही मालकाची फसवणूक झाली.” भाऊ मुळीच दुखावले नाहीत. “काका, मालकाला गेट पायजे, गेट दिसतंय. गाडी दिसतंय. माणूस झोपला नाय तर दिवसा झाडांना पाणी कोण घालील?” आणि केबलचे वेटोळे टाकीवर चढवीत त्यांनी आपल्या धंद्याचे मर्म सांगितले. “मी हरेक घरात एक कोपरा मोकळा सोडतो. सगळंच दिसायला लागलं तर माणसं राहतील कशी? आणि राहिलीच नाय, तर माझं बिल कोण देणार?”

तेव्हापासून मी त्यांच्या कारागिरीचा मुलाहिजा राखू लागलो आहे. सासूबाईंनी सुनेवर लक्ष ठेवण्याकरिता स्वयंपाकघरात बसवून घेतलेला डोम फोडणीच्या वाफेने आणि तेलकट धुराने महिन्याभरात धूसर होतो, हे भाऊंना पक्के ठाऊक असते. ते ज्ञान ते जाता जाता सुनेच्या कानावर घालतात आणि सासूबाईंच्या घालत नाहीत. धाकट्या भावाला ते सांगतात की गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही. अशा रीतीने संशय विकत घेणाऱ्यास दृष्टी आणि ज्याच्यावर संशय त्यास आडोसा, हे दोन्ही एकाच दिवसाच्या मजुरीत पुरवून त्यांनी या दोन तालुक्यांतील किती वाटण्या, किती काडीमोड आणि किती फिर्यादी टाळल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

त्यांना हार पत्करावी लागली ती एकदाच, आणि तीही तलासरीकडच्या एका पाड्यावर. घरकुल योजनेत पक्के घर मिळालेल्या एका वारली म्हाताऱ्याच्या, कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलाने कॅमेऱ्याची चौकशी केली होती. भाऊंनी नमुन्याचा बुलेट काढून त्याचे रात्री दिसणे, पावसात टिकणे इत्यादी गुणांचे यथास्थित वर्णन केले. म्हाताऱ्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढेच विचारले, “हा भुंकतो काय?” भाऊंनी वस्तू थैलीत परत ठेवली. “अशा गिऱ्हाइकापुढे बोलायचं काय?” असे ते मला पुढे म्हणाले, आणि त्या म्हणण्यात आदर होता.

भाऊंचा दुसरा गुण म्हणजे त्यांची कैफियत देण्याची हातोटी. यंत्र बंद पडले असता त्याचे कारण सृष्टीतील कोणत्या तत्त्वाकडे जाते, हे ते जागेवर न येता फोनवरूनच सांगू शकतात. किनाऱ्यावर खारा वारा; त्याने केबलच्या टोकाच्या बीएनसी जोडणीचे पितळ हिरवे पडते आणि चित्रात पट्ट्या येतात. वाडीत कोळी; रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि काचेसमोर चालणारा तो दाण्याएवढा जीव मोबाईलवर पांढराशुभ्र राक्षस होऊन दिसला की घरमालक काठी घेऊन अंगणात धावतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांचे सत्र सुरू झाले. ते दिवस हसण्याचे नव्हते. भरल्या घरची माणसे थंडीत तंबूंत निजत होती. पण त्यातही एका दुकानदाराने फोन करून तक्रार केली की भिंत हलली की मोबाईल ‘हालचाल आढळली’ म्हणून ओरडतो. भाऊ शांतपणे म्हणाले, “शेठ, हा चोर जमिनीखाली हाय. तो माझ्या वॉरंटीत येत नाय.”

आणि खरोखरची चोरी? तीही क्वचित होते. त्या वेळी पंचनाम्याला आलेले हवालदार फुटेज मागतात, भाऊ हजर होतात, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआर नामक यंत्रापुढे मांडी घालून माउस फिरवतात, आणि असे निष्पन्न होते की त्या रात्री वीज नव्हती; किंवा हार्ड डिस्क पावसाळ्यातच निकामी झाली होती; किंवा चोरी कळेपर्यंत जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढले, कारण डिस्क भरली की हे यंत्र आरंभापासून पुन्हा लिहू लागते. क्वचित चोर दिसतोही. तो तोंडाला रुमाल बांधून कॅमेऱ्याखालून सावकाश जातो, आणि त्याच्या चालण्यावरून गावातील प्रत्येकजण आपापल्या नावडत्या माणसाला ओळखतो.

माझे मत विचाराल तर कॅमेरा लावायचाच असेल तर भाऊंकडूनच लावून घ्यावा. शहरातून येणारे तरबेज लोक कोपरा मोकळा सोडीत नाहीत. फक्त तीन गोष्टींची रुजुवात त्यांच्या देखत करून घ्यावी. पासवर्ड स्वतः बदलावा, कारण भाऊ साऱ्या गावाला एकच ठेवतात. डीव्हीआरचे घड्याळ जुळले आहे हे पाहावे. चोरी १ जानेवारी २००० रोजी झाल्याचे दाखवणारा पुरावा ठाण्यात कोणी मनावर घेत नाही. केबलचे सांधे उघड्यावर लोंबत नसून डबीत बंद आहेत, हेही पाहावे. आणि हे सर्व मृगापूर्वी उरकावे; पहिली वीज कडाडून वाडीतल्या लांब केबलमधून डीव्हीआर जळू लागले की भाऊ फोन उचलत नाहीत.