बगीराची बाजू

वॉल्ट डिस्नेचा १९६७ सालचा ‘द जंगल बुक’ लहान मुलांचा चित्रपट समजला जातो. माझं मत आता वेगळं झालं आहे. घरच्या लग्नात हॉलची चावी, पाहुण्यांच्या गाडीची वेळ आणि आचाऱ्याचा उरलेला हिशेब ज्याला विचारतात, आणि फोटोच्या वेळी जो नेमका जनरेटरवाल्याशी हुज्जत घालत असतो, त्या माणसाचा हा चित्रपट आहे.

हे ध्यानात आणून दिलं सात वर्षांच्या पुतणीनं. सिनेमा सुरू झाला की ती आधी भूमिका वाटून टाकते. “मी मोगली,” ती म्हणाली. त्यात वाद नव्हता. “मामा बल्लू.” यातही नव्हता. तिचा मामा वेफर्सची पाकिटं घेऊन येतो, पोरांना रात्री बारापर्यंत जागवतो, आणि सकाळी ती शाळेला उठत नाहीत तेव्हा स्वतःच्या घरी घोरत असतो. “आणि काका, तू बगीरा.”

मी सुखावलो. काळा बिबट्या, काय चाल, काय रुबाब! तरी विचारलं, “मीच का गं?”

“तू पण सारखा ‘चला, उशीर होतोय’ म्हणतोस.”

झालं. मग मी अख्खा चित्रपट बगीराच्या बाजूनं पाहिला, आणि जसजसा पाहत गेलो तसतसा माझा संताप वाढत गेला.

नदीकाठी फुटक्या होडीत टोपली आणि टोपलीत तान्हं मूल. पाठ फिरवून निघून जावं हाच आपला पहिला विचार होता, असं बगीरा स्वतः सांगतो. पण पोर रडतं आणि हा परत फिरतो. बस, इथून पुढे सुटका नाही. टोपली तोंडात धरून लांडग्यांच्या दारात ठेवायची, मग दहा वर्षं येता-जाता चौकशी करायची. शेरखान परतल्याची बातमी येते, लांडग्यांची बैठक बसते, आणि पोराला माणसांच्या वस्तीत पाठवायचं ठरतं. आता घेऊन कोण जाणार? ज्यानं आणला तो! घरगुती बैठका जगभर अशाच होतात. निर्णय सगळ्यांचा, रिक्षाभाडं एकाचं. किपलिंगच्या मूळ पुस्तकात निदान एवढी नोंद तरी आहे, की मोगलीला कळपात घ्यावं म्हणून बगीरानं ताजा मारलेला बैल मोजला होता. चित्रपटात ती पावतीसुद्धा गहाळ.

(जाता जाता, पुस्तकातली लांडगीण शेरखानला तोंडावर सुनावणारी बाई आहे. डिस्नेनं तिला एक शब्दही बोलू दिलेला नाही.)

झाडावर चढायचा प्रसंग तर पुन्हा पाहण्यासारखा आहे. रात्र झालीय, झोपायला वर जायचंय. मोगली बुंध्याला कवटाळतो आणि सुर्रकन खाली येतो. बगीरा खालून डोक्यानं ढकलतोय, वर चढ म्हणतोय, आणि पोराचं सगळं वजन याच्या तोंडावर. एकदाचे दोघं फांदीवर पोचतात. बगीरा डोळे मिटतो, तेवढ्यात ‘का’ नावाचा अजगर येऊन मोगलीला वेटोळं घालतो. झोपेत व्यत्यय नको म्हणून बगीरा चिडून गप्प बसायला सांगतो. आपण काय वेगळं करतो? आतल्या खोलीतून “काका...” अशी हाक आली, की डोळे न उघडताच आपण म्हणतो, “झोप आता मुकाट्यानं.” दर वेळी अजगर असतोच असं नाही, एवढंच.

या अजगराची एक गंमत आहे. त्याला आवाज दिलाय स्टर्लिंग होलोवेनं, आणि मोगलीला दिग्दर्शक वोल्फगँग रायथरमनच्या मुलानं, ब्रूसनं. याच जोडीनं आदल्या वर्षीच्या लघुपटात विनी द पू आणि त्याचा छोटा दोस्त ख्रिस्तोफर रॉबिन यांना आवाज दिले होते. म्हणजे ज्या मधाळ आवाजानं १९६६ साली या पोरावर माया केली, तोच १९६७ साली त्याला गिळायला निघाला. पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “श्श, बघू दे.”

भूगोलाबद्दलही बोललं पाहिजे, कारण इथे आपलं घरचं माणूस गुंतलंय. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. १८९४चं ‘द जंगल बुक’ मात्र त्यानं लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. जंगल निवडलं मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आणि नदी वैनगंगा. तीच पुढे भंडाऱ्यावरून गडचिरोलीकडे जाते. म्हणजे मोगली आणि भंडारेकर एकाच नदीचं पाणी प्यायलेले, त्यामुळे विदर्भाला आक्षेप घ्यायचा पूर्ण हक्क आहे. पहिला आक्षेप किंग लुईवर. हा ओरांगउटान. हे वानर सापडतं ते फक्त बोर्निओ आणि सुमात्रात. ते सिवनीला कोणत्या गाडीनं आलं? शिवाय पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही; ना पुढारी, ना कायदा, हीच तर त्यांची खोड. डिस्नेनं त्यांना राजा दिला, तोही परदेशातून. आपण पुस्तक वाचलं नसल्याचं गीतकार शर्मन बंधूंनी सांगितलं तेव्हा ‘उत्तम, वाचूही नका’ अशा अर्थाचं काहीतरी डिस्ने म्हणाला, अशी त्यांचीच आठवण आहे. सल्ला मनापासून पाळला गेला.

दुसरा आक्षेप बल्लूवर. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या बायकांना विचारा, धास्ती कुणाची. वाघ बहुधा आपल्या वाटेनं जातो, अस्वल मात्र दचकलं की सरळ तोंडावर येतं. मोहफुलं, मध आणि वाळवी ही त्याची जीव की प्राण. वाळवी ओढून घेता यावी म्हणून निसर्गानं त्याचे वरचे मधले दोन दात काढूनच टाकलेत. या प्राण्याला मिठी मारायची कल्पना कॅलिफोर्नियातच सुचू शकते. बरं, पुस्तकातला बल्लू जंगलाचे नियम शिकवणारा कडक गुरुजी आहे, वेळप्रसंगी मोगलीला चापट्या देणारा. चित्रपटात हे काम छोटंसंच ठरलं होतं. मग फिल हॅरिस नावाचा गायक-नट आला, सगळ्यांना आवडला आणि भूमिका फुगत गेली. दुपारच्या चहाला म्हणून आलेले पाहुणे रात्रीचं जेवून जातात, त्यातलाच प्रकार.

शेरखानबद्दल माझी तक्रार निराळी आहे, पिढीची. आमचं जंगल बुक म्हणजे १९९३ सालचं दूरदर्शन, रविवारची सकाळ, हिंदीत आलेली जपानी मालिका, गुलजारांचं गाणं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तो वाघ बोलायला लागला की आपण गृहपाठ केलाय की नाही, ते आठवू लागायचं. डिस्नेच्या वाघाला आवाज आहे जॉर्ज सँडर्सचा. तो धमकीसुद्धा अशी देतो, की वाटावं तसदीबद्दल क्षमा मागतोय. पुतणीला तोच जास्त भीतिदायक वाटला. “हा ओरडतच नाही,” ती हळूच म्हणाली. मुद्दा बिनतोड होता, पण मी नानांची बाजू सोडली नाही.

असो. आपण बगीराकडे येऊ. मोगली झाडाला मिठी मारून बसतो, बगीरा त्याची लंगोटी दातांत धरून ओढतो आणि स्वतःच पाण्यात पडतो. वैतागून निघून जातो. तेवढ्यात बल्लू येतो, पोराला डरकाळी शिकवतो, गुदगुल्या करतो, ऐसपैस जगावं कसं यावर एक गाणं म्हणतो, आणि पोट वर करून नदीत तरंगत असताना पोटावर बसलेला पोरगा माकडांकडून पळवला जातो. मग हाक कुणाला? बगीराला! राजवाड्याच्या पडक्या भिंतींमध्ये पोराला सोडवायचं ठरतं. बगीरा योजना आखतो. बल्लू गवताचा घागरा नेसून, तोंडाला नारळाच्या करवंट्या लावून नाचात घुसतो. माणसं कुणाला पाहून हसतात? योजनेला कधी टाळ्या पडल्यात का?

त्या रात्रीचा प्रसंग मात्र चित्रपटातला सर्वांत खरा आहे. पोर झोपलंय आणि दोघं मोठे हळू आवाजात बोलताहेत. बल्लूला त्याला ठेवून घ्यायचंय. बगीरा समजावतो, की शेरखान त्याला जगू देणार नाही, तुझी माया त्याला पुरणार नाही. बल्लू गप्प होतो. सकाळी कसाबसा विषय काढतो, आणि मोगली रुसून पळून जातो. पुन्हा शोध. कर्नल हाथीची मनधरणी बगीरानंच करायची. कर्नल नियमांवर बोट ठेवतो. मग त्याची बायको विनिफ्रेड पुढे येऊन दोन वाक्यांत काम करून देते. या जंगलात संवाद मिळालेली बाई ती एवढीच, आणि कामाची तीच. पोर हरवल्याची ही सगळी चर्चा इतक्या मोठ्यानं चालते, की गवतात पडलेला शेरखान ती आरामात ऐकतो.

शेवटच्या मारामारीत बल्लू निपचित पडतो आणि बगीरा मोगलीला जवळ घेऊन श्रद्धांजलीचं भाषण करतो. पाऊस पडतोय, शब्द सुंदर आहेत, गळा दाटलाय. बल्लू शुद्धीवर आलाय, पण आपली स्तुती ऐकायला मिळतेय म्हणून पडून राहतो, आणि भाषण संपल्यावर आणखी बोल म्हणतो. इथे पुतणी खो खो हसली. मी हसलो नाही. भाषण लिहायलाही कष्ट पडतात.

पुढचा इतिहास तर सरळ अन्यायाचा आहे. बल्लूच्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. (पारितोषिक ‘डॉक्टर डूलिटल’मधल्या गाण्यानं नेलं, तेही प्राण्यांशी गप्पा मारण्याबद्दलच.) १९७३च्या ‘रॉबिन हूड’मध्ये जवळपास हेच अस्वल रंग बदलून लिटल जॉन झालं, आवाजही तोच, नाचाची काही चित्रंही तीच. १९९०मध्ये ‘टेलस्पिन’ मालिका निघाली. आपल्याकडे दूरदर्शननं ती दाखवली. तीत बल्लू वैमानिक, लुई हॉटेलमालक आणि शेरखान चक्क बडा उद्योगपती! जो पोराला खायला निघाला होता, त्यालाही डिस्नेनं कोट-टाय घालून केबिनमध्ये बसवलं. बगीराला मात्र त्या मालिकेत साधी कारकुनाची जागाही नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा एक गोष्ट तपासून घ्या. अठ्ठ्याहत्तर मिनिटं बल्लू सतत काहीतरी तोंडात टाकत असतो, केळी काय, मुंग्या काय. बगीरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही जेवत नाही.