समुद्रगमनाचा मुहूर्त

ज्या जिल्ह्यातले पाणीसुद्धा मुंबईकडे पाठ फिरवून, गंगाखेडचे घाट मागे टाकीत, नांदेडमार्गे तेलंगणात आणि तेथून पुढे बंगालच्या उपसागरात निघून जाते, त्या परभणी जिल्ह्यातील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने अरबी समुद्रावरील विलासी जहाजाची वाट पाहत बसावे, हे सकृद्दर्शनी विसंगत वाटेल. परंतु वाट पाहण्याच्या कलेत आमचा हात धरणारा जिल्हा निजामाच्या अमदानीतही नव्हता आणि आजही नाही. मृगाची वाट, पीकविम्याची वाट, मनमाडपर्यंतच्या दुहेरी रेल्वेमार्गाची वाट, अशा अनेक वाटा पाहून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याला एका जहाजाची वाट पाहणे म्हणजे केवळ विरंगुळा होय.

2020 च्या फेब्रुवारीत जपानातील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज हजारो प्रवाशांसह रोगराईपायी अडकून पडले आणि मार्चपासून जगभरच्या पर्यटनजहाजांनी नांगर टाकले. आपल्याकडे तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे नेणारी रो-रो बोट 15 मार्चला सुरू झाली आणि पाठोपाठ टाळेबंदीत बंद पडली. त्यानंतर दीड वर्षाने, रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळामार्फत ‘एम्प्रेस’ नावाचे अकरा मजली जहाज 18 सप्टेंबर 2021 रोजी मुंबईहून सुटणार, हे वर्तमान आमच्या वाचनात आले. आदल्या दिवशी, म्हणजे 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन उरकावे, रात्री देवगिरी एक्सप्रेस धरावी आणि सकाळी मुंबईस उतरून थेट समुद्रावर आरूढ व्हावे, असा योग पंचांगकर्त्यालाही साधला नसता.

आमच्या कुटुंबाच्या सर्वोच्च न्यायासनावर विराजमान असलेल्या आत्याबाईंपुढे हा प्रस्ताव ठेवताच त्यांनी पहिला आक्षेप नोंदविला, “बापू, आपल्याला रं जहाजाचं काय कळतं? आपण कोरडवाहू माणसं.” त्यावर मी जर्मनीचा दाखला दिला. जगातील कित्येक प्रचंड पर्यटनजहाजे त्या देशातील पापेनबुर्ग नावाच्या, समुद्रापासून चांगल्याच आत असलेल्या गावी बांधली जातात. तयार झालेले जहाज एम्स या अरुंद नदीतून, बंधाऱ्याची दारे लावून पाणी चढवून, बहुधा उलट्या तोंडाने, अगदी बेताबेताने ओढीत समुद्राला मिळविले जाते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी जी म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या छातीठोकपणे सांगत आलो, तिला अखेर काही दस्तऐवजी पुरावा मिळाला, आणि आपल्याकडेही गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेतच, तेव्हा उणीव काय ती फक्त जहाजाची, असा माझा युक्तिवाद होता. तो न्यायासनाने ऐकून घेतला, निकाल राखून ठेवला आणि आधी स्टेशन रोडवरील प्रवासी कचेरीत जाऊन खातरजमा करण्याचा हुकूम दिला.

त्या कचेरीतील तरुणाने काचेखाली जहाजाचा नकाशा ठेवलेला होता. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पदर सावरला आणि सातबारा तपासावा तशा बारकाईने प्रत्येक खोलीवरून बोट फिरविले. सर्वांत स्वस्त खोल्या जहाजाच्या पोटात असून त्यांना खिडकी नसते, हे कळताच त्या थबकल्या.

“एवढे पैसे घेतेत, अन् खिडकी नाही? कामून?”

“आजी, खिडकीचे पैसे वेगळे असतेत.”

“अन् खिडकीतून काय दिसतंय?”

“पाणी.”

“नुसतं पाणीच?”

“नुसतं पाणीच, आजी. चौफेर.”

बाहत्तरच्या दुष्काळात एका घागरीसाठी जिने दोन कोस पायपीट केली, त्या बाईकडे नुसते पाणी पाहण्याचे भाडे मागणे म्हणजे फौजदारी ओढवून घेणे, अशा धास्तीने मी दाराकडे सरकू लागलो. आत्याबाई मात्र बराच वेळ त्या निळ्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग खिडकीचीच घे, बापू.”

परत येताना आमचे शेजारी हाजीसाहेब भेटले. हज यात्रेकरूंची मुंबई-जेद्दा समुद्रवाहतूक 1995 पर्यंत चालू होती, आणि तिच्या उत्तरकाळात ‘अकबर’ जहाजाने अरबी समुद्र ओलांडलेले असल्यामुळे नौकानयनाच्या बाबतीत आमच्या मोहल्ल्यात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. आमचे जहाज कोठे जाणार, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की आम्ही निवडलेली फेरी खोल समुद्रात जाते, तेथे थांबते आणि पुन्हा मुंबईलाच येते. हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरविला. “पैसे देके जाना, और फिर वहींच वापस आना?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण लग्न, मयत, पंढरपूर आणि औरंगाबादच्या खंडपीठातील तारीख या चार कारणांवाचून परभणीचा मनुष्य गाव सोडीत नाही, आणि मीही उभ्या हयातीत ‘प्रवासाचे प्रयोजन’ हा रकाना कोरा असलेला एकही अर्ज मंजुरीस पाठविलेला नव्हता.

प्रयोजनाचा प्रश्न सुटला नाही, तोच मुहूर्ताचा उपस्थित झाला. 18 सप्टेंबरला घरात गणपती बसलेले आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. देवाला घरी ठेवून यजमानांनीच आधी पाण्यात उतरावे, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. त्यानंतर पितृपंधरवडा लागला. त्याच सुमारास चक्रीवादळाच्या शेपटाने मराठवाडा झोडपून काढला, गोदावरी पात्र सोडून शेतात शिरली, सोयाबीन उभ्या जागी कुजले आणि गावोगाव तलाठी पंचनाम्याची कागदपत्रे घेऊन गुडघाभर चिखलातून हिंडू लागले. त्या दिवसांत चौफेर पाण्याची हौस कोणीही बोलून दाखविली नाही. पुढे 2 ऑक्टोबरला अमली पदार्थविरोधी पथकाने नेमक्या याच जहाजावर छापा घातला आणि दूरदर्शन संचावर दिवसरात्र त्याचीच चित्रे झळकू लागली. “पितरांच्या पंधरवड्यात निघाल्यावर दुसरं काय व्हायलंय?” एवढाच शेरा मारून आत्याबाईंनी ते प्रकरण दप्तरी दाखल केले. तो देणाऱ्याघेणाऱ्यांचा दोष नसून तिथीचा होता, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता.

मग नवरात्र. घट बसलेले घर सोडता येत नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले आणि तुळशीचे लागले म्हणजे माणसांची लागतात, त्यामुळे मार्गशीर्षापर्यंतची प्रत्येक तिथी आप्तेष्टांनी पत्रिकांच्या द्वारे आपल्या कब्जात घेतली. अखेरीस संपूर्ण वर्षाची झडती घेतल्यावर धनुर्मास तेवढा रिकामा सापडला: लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा मुक्रर झाला. जेवणाची पंगत जहाजावर ठरली होती, आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी मिळते किंवा कसे, याची लेखी विचारणाही रवाना झाली होती.

3 जानेवारी 2022 रोजी ते जहाज गोव्याच्या बंदरात असता त्यावरील सुमारे दोन हजार माणसांपैकी 66 जण बाधित निघाल्याचे जाहीर झाले, आणि जहाज प्रवाशांसह मुंबईस परतले. आमची फेरी त्याच्या पुढची होती. आत्याबाईंनी बातमी पूर्ण ऐकली, पैसे बुडाले नाहीत ना याची माझ्याकडून दोनदा रुजवात करून घेतली आणि प्रकरण पुढील मोसमासाठी खुले ठेवले. खिडकीची अट मात्र कायम आहे.

तरी सर्व सगेसोयऱ्यांस नम्र विनंती, की येत्या धनुर्मासात कोणीही बारसे, साठीशांत अथवा पंच्याहत्तरी योजू नये, आणि योजलीच, तर आमची वाट पाहू नये.