पी हळद, हो योगगुरू

ऋषिकेशला जा, एकवीस दिवस राहा, योगशिक्षक होऊन परत या. लक्ष्मणझुल्याच्या आसपास पाट्याच पाट्या: २०० तासांचा कोर्स, राहण्या-जेवणासकट. म्हणजे रोज साडेनऊ तास. त्यात गंगाआरती आणि शिवपुरीचं राफ्टिंग कुठे बसवतात, ते त्या गंगामाईलाच ठाऊक.

हा २०० चा आकडा पतंजलींचा नव्हे. तो अमेरिकेतल्या योगा अलायन्सचा, संस्था १९९९ सालची. विद्या आपली, फूटपट्टी त्यांची आणि दुकान पुन्हा आपलंच! तासांची वाटणीही ठरलेली: शरीररचनेला ३०, तत्त्वज्ञान, इतिहास आणि नीती मिळून ३०. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाळ, अखंड, आदराने अशा अटी घातल्या. तास लिहायचे राहून गेले बिचाऱ्यांचे. बरं, अलायन्स नुसती नोंदणी करते. मान्यताप्राप्त शाळेने दाखला दिला, फी भरली, की नाव चढलं. आपल्या आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ निदान लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा तरी घेतं. पण ती न देता वर्ग काढला तर कोण विचारतो?

मग सोसायटीच्या क्लबहाउसात सकाळी साडेसहाला असा एक ताजा सर येतो. सर्वांगासन चालू आहे. मागच्या रांगेतल्या काकूंनी मानेचा पट्टा काढून चष्म्याशेजारी ठेवलाय आणि पाय वर केलेत. हनुवटी छातीत रुतलेली, चेहरा लालबुंद. पुण्याच्या अय्यंगार संस्थेत आधी खांद्यांखाली घोंगड्यांच्या घड्या घालतात, मानेवर भार येऊ नये म्हणून. तिथे शिकवायला उभं राहण्याआधी काही वर्षं नुसतं विद्यार्थी असावं लागतं, मग जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा. एवढा वेळ कशात जातो? समोरच्याची मान बघायला शिकण्यात. आमचे सर मात्र डोळे मिटून सांगताहेत, "बॉडीचं ऐका." काकूंची बॉडी केव्हाची ओरडतेय.

सरांना घाई आहे, तेही खरंच. दोन वर्षं आणि हजार तास शिकवून झालं, की अलायन्सच्या यादीत नावामागे 'अनुभवी' लागतं आणि नवे शिक्षक घडवायच्या वाटेवर एक पाऊल पुढे पडतं. ते हजार तास सध्या काकूंच्या मानेवर मोजणं चालू आहे.