चष्मा आधी ग्रामसभेला द्या

१०० मीटर. गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्यात समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीपर्यंत पाणी अडवायचं, असं महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात ऑगस्ट २०१६मध्ये ठरलं. मंत्र्यांना आणि अभियंत्यांना हा आकडा पुरेसा होता. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातल्या नदीकाठच्या शेतकऱ्याला त्यातून काय कळणार? पाणी माझ्या बांधाच्या अलीकडे थांबेल की पलीकडे, एवढंच त्याला हवं असतं, आणि आकडा नेमकं तेच सांगत नाही. २०१९मध्ये प्रकल्प सुरू झाला. मग शेतं पाण्याखाली गेली आणि मोबदल्यासाठी उपोषणं सुरू झाली.

पाणी कुठवर येईल, हे उभं राहून पाहता येईल असं साधन विद्यापीठांच्या हाती आहे. जीआयएस या संगणकीय नकाशाप्रणालीत सर्व्हे नंबर, नाले, वनकक्ष, जमिनीची उंची हे सगळं आपापल्या जागेवर नोंदलेलं असतं. त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीची जोड दिली की तो सपाट नकाशा उभा राहतो. डोळ्यांवर चष्मा चढवून माणूस आपल्याच शेतात उभा राहतो आणि पाणी ९८ मीटरवर, ९९ मीटरवर, १०० मीटरवर कसं दिसेल ते बघतो. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी असा जिवंत त्रिमितीय नकाशा १९९५च्या सुमारास करून दाखवला होता. तेव्हा त्यासाठी महागडे संगणक लागत. आज चष्मा पिशवीत घालून गडचिरोलीतल्या भामरागडला नेता येतो.

पण तो जातो कुठे? सादरीकरणाच्या खोलीत, पाहुण्यांच्या डोळ्यांवर. ज्याचं जंगल, ज्याची शेती, तो बाहेर उभा. ही उलटी वाट आधी बंद झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण जीव तिच्यातच आहे. फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीची माहिती दाट जंगलात बऱ्याच ठिकाणी जमिनीची नसते, झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते. गडचिरोली जिल्ह्याचं दोन तृतीयांश क्षेत्र जंगलाखाली आहे. तिथे या माहितीवर उभारलेलं चित्र सुंदर दिसेल आणि चुकीचं असेल. सपाट नदीकाठावर मीटरभराची चूक म्हणजे आख्खं शेत. आणि खोटं चित्र आकड्यापेक्षा वाईट, कारण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस खरं मानतो. म्हणून पानांच्या फटीतून जमीन मोजणारं लायडार सर्वेक्षण हवं, आणि पूर कुठल्या झाडापर्यंत आला होता हे सांगणारी गावातली म्हातारी माणसंही हवीत.

गावाला नकाशा कळत नाही, असं कोणी म्हणू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपली हद्द कुठल्या नाल्याने, कुठल्या डोंगराने जाते हे त्या गावाला पायाखालून माहीत होतं. वनहक्क कायद्याचे २०१२चे सुधारित नियमही हेच मानतात: उपग्रहाची प्रतिमा पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारी नाही. हाच नियम चष्म्यालाही लावा. पेनठाणा, म्हणजे देवाचं ठाणं, कुठे आहे, मोहाची झाडं कुणाच्या वाट्याची, हे नकाशावर घालायचं की नाही ते ग्रामसभा ठरवील. माहिती तिच्या ताब्यात राहील आणि चित्राचं निवेदन माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठीत होईल.

खाणीच्या बाबतीत तर हे आजच हवं आहे. एटापल्लीतल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि लोहखनिजही आहे. खाण आणखी वाढली तर डोंगर किती उरेल, लाल पाणी कुठल्या ओढ्याने कुठल्या भातशेतीत उतरेल, हे जनसुनावणीत जाड अहवालाच्या सारांशातून समजत नाही. दाखवावं लागतं.

गोंडवाना विद्यापीठ २०११मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांसाठी स्थापन झालं. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. या दोघांनी मिळून एक गाव घ्यावं, तिथल्या पोरापोरींना हे काम शिकवावं, आणि कुठल्याही प्रकल्पाच्या जनसुनावणीच्या निदान महिनाभर आधी हा चष्मा ग्रामसभेत पोहोचवावा. सुनावणी त्यानंतर घ्या.