चारठाण्यास ‘आउटिंग’चा दर्जा मिळणेबाबत

प्रति,
मा. पुणे शहर,
मुळा-मुठेचा काठ.

विषय : मौजे चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी या गावास ‘आउटिंग’चा दर्जा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, मी चारठाण्याचा कायमचा रहिवासी असून माझा मुलगा आपल्या वाघोलीत सातव्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर माझा मुक्काम त्याच्याकडे असतो. त्या सहवासात असं दिसून आलं की, आपल्याकडचा माणूस सोमवार ते शुक्रवार घराबाहेरच असतो आणि शनिवार आला की घराबाहेर कुठं जायचं यावर घरात बैठक बसते. या बैठकीला आमच्या ग्रामसभेपेक्षा जास्त कोरम असतो. नातू म्हणतो मॉल, सून म्हणते मोकळी हवा, मुलगा म्हणतो झोपू द्या. शेवटी सिंहगड ठरतो. जी जागा कुणाचीच पहिली पसंती नसते तीच एकमतानं मंजूर होते, हे पंचायतीत बसलेल्या माणसाला सांगायला नको.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे अंधारात कडा चढून गेले आणि पहाटेच्या आत मावळ्यांनी किल्ला घेतला. आम्ही चांगल्या उजेडात, मोबाइलवर नकाशा लावून, चारचाकीत निघालो, आणि दुपारी जेवायच्या वेळेला घाटाच्या पायथ्याशी गाड्यांच्या रांगेत उभे होतो. तेव्हा रविवार असता तर किल्ला मोगलांकडेच राहिला असता, असं मी म्हणालो. पुढच्या सीटवरून उत्तर आलं नाही. पुढच्या सीटवर ‘अजून किती’ एवढाच विषय चालू होता.

वर गेल्यावर पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही. हवा गार, भूक कडकडून, खोटं कशाला बोलू, चव चांगली होती. पण महोदय, ही थाळी मी जन्मभर रोज सकाळी चुलीपुढं बसून खात आलोय आणि तिचं बिल मी पहिल्यांदाच पाहिलं. सून म्हणाली, “बाबा, एकदम ऑथेंटिक आहे ना?” मी म्हटलं, “हळू बोल. तुझ्या सासूनं ऐकलं तर ती मागची थकबाकी काढील.”

परत येताना पुन्हा रांग. घरी आल्यावर सगळे सोफ्यावर आडवे झाले आणि म्हणाले, मस्त झालं आउटिंग. मी ते मनाशी टिपून ठेवलं. आउटिंग म्हणजे दमणं. दमला नाहीत तर पैसे वाया गेले.

आता अर्जाच्या मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे वेताळ टेकडीवर, पर्वतीवर, झेड ब्रिजवर, खडकवासल्याच्या कठड्यावर मी माणसं पाहिली. ती काय करू लागली होती? काही नाही. बसली होती. कुणी मक्याचं कणीस खात होतं, कुणी पाण्याची बाटली मांडीवर ठेवून समोर बघत होतं. तासन्‌तास. ह्यालाच आपण आउटिंग म्हणता आणि त्याचे फोटो काढून चार लोकांना दाखवता. नेमकं हेच काम आमच्या गावातली माणसं पारावर बसून, टपरीच्या बाकड्यावर बसून, देवळाच्या ओट्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि त्यांना मात्र आजवर रिकामटेकडे म्हटलं गेलं. बायको म्हणते, बाप म्हणतो, तलाठीसुद्धा म्हणतो. काम तेच, दर्जा वेगळा, हा अन्याय नाही का? माझा एक शेजारी गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आउटिंग करतोय आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला आलेला हा पहिला अन्याय नाही, हे मान्य. १९८३ साली दांडेकर समिती नेमली तेव्हा तिनं रस्त्यांचा, सिंचनाचा, विजेचा, शाळांचा, दवाखान्यांचा अनुशेष मोजला. जनावरांच्या दवाखान्यांचासुद्धा मोजला. फिरायला जाण्याचा तेवढा मोजायचा राहिला. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, मयतीला, बाजाराला, कोर्टाला किंवा परभणीला डॉक्टरकडं. नुसता पडत नाही. नुसता पडलेला दिसला तर समोरचा विचारतो, “काहून? कोण वारलं?” जास्तीत जास्त म्हणजे पावसाळ्यात येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की पोरं मोटारसायकलींवर पूर्णेचं पाणी बघायला जातात. तेही घरी सांगताना ‘जिंतूरला काम होतं’ असंच सांगतात.

सगळीच तक्रार आहे असं समजू नये. आपली मेट्रो मला मनापासून आवडली. ६ मार्च २०२२ ला ती सुरू झाली तेव्हा लोक कुठं जायचं म्हणून नव्हे, तर बसायचं म्हणून बसले आणि आल्या वाटेनं परत गेले, हे वाचून मी तिकडं गावात हसलो होतो. मग रामवाडीला स्वतः बसलो तेव्हा कळलं की आपल्या साऱ्या आउटिंगांत तेवढंच एक प्रामाणिक आहे. भाडं कमी, गार हवा, रांगेत कुणी कुणाच्या आईबापाचा उद्धार करत नाही, आणि खाली अडकलेली वाहतूक वरून बघायला मिळते. दुसऱ्याची अडचण खिडकीतून बघण्यातलं सुख फुकट मानू नये. संभाजी उद्यानाच्या स्टेशनाला मावळ्याच्या पगडीचं छप्पर आहे. तिथं उतरलो आणि नातवाला घेऊन जंगली महाराज रस्त्यानं पाताळेश्वरला गेलो.

तिथं मी जरा जास्त वेळ थांबलो. बाहेर बसगाड्यांचा गोंगाट, आणि पाच-पन्नास पावलं आत गेलं की आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात कोरलेला अखंड खडक. समोर नंदीचा गोल मंडप. आत खांबच खांब, आणि कोरता कोरता काम मध्येच सोडून गेल्यासारख्या भिंती. नातवानं एका खांबाला हात लावला, वर पाहिलं आणि विचारलं, “आजोबा, हे पूर्ण का नाही केलं?” मी म्हटलं, कंत्राटदार पळाला असंल. मग त्यानं विचारलं, “असं आपल्या गावात आहे का?”

आता ह्या पोराला काय सांगावं? आपल्या गावात याच्यानंतर चारशे-पाचशे वर्षांनी घडवलेली यादवांच्या काळची देवळं आहेत, चुन्याचा थेंब न घालता दगडात दगड बसवलेली. गोकुळेश्वर आहे, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी बारव आहे, आणि गावात एक उंच कोरीव स्तंभ एकटाच उभा आहे. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी विजयस्तंभ, कुणी दीपमाळ. तज्ज्ञांचं एकमत होईस्तोवर तो उभा राहायला तयार आहे, त्याला घाई नाही. म्हातारी माणसं सांगतात की गावात तीनशे साठ देवळं होती. मोजायला कुणी बसलं नव्हतं, पण कोरीव दगड गावभर असे विखुरलेत की आकडा अगदीच वाऱ्यावरचा वाटत नाही. आणि हे पोरगं दर दिवाळीला त्या स्तंभावरून गाडीत बसून जातं. काच वर, एसी चालू, हातात मोबाइल. त्याच्या बापानं कधी गाडी थांबवली नाही, कारण तो गावाला येतो तेव्हा आउटिंगवर नसतो, सुट्टीवर असतो.

बापाला तरी कसा बोल लावू? आम्ही गावकरी काय दिवे लावतो? सेलू तालुक्यातल्या वालूरकरांनी श्रमदान करून आपल्या बारवेतला गाळ उपसला आणि ती चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला लांबलांबून लोक येऊ लागले. आमच्याकडे संध्याकाळी जीव रमवायचा म्हणून पोरं देवळाच्या पाठीमागून निघून थेट हायवेच्या ढाब्यावर जातात. तिथं निळ्या-जांभळ्या लायटा आहेत, प्लास्टिकचं गवत आहे, आणि भिंतीवर पंखांचं चित्र आहे, ज्याच्यापुढं उभं राहिलं की माणूस परी दिसतो. बाराव्या-तेराव्या शतकातल्या कारागिराला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. त्यानं बिचाऱ्यानं खांबावर नक्षी काढली, पण उभं राहायला जागाच ठेवली नाही.

तेव्हा दर्जा मिळण्यास आम्ही पात्र आहोत की नाही, हे आपणच ठरवावं. पात्रतेत काय कमी आहे ते मी प्रामाणिकपणे कळवतो. आमच्याकडे तिकीट नाही, त्यामुळं बघणाऱ्याला काही बघितल्यासारखं वाटत नाही. पार्किंग नाही, कारण गाडी कुठंही लावता येते, आणि तसं असलं की तिला पार्किंग म्हणत नाहीत. रांग नाही. ‘आय लव्ह चारठाणा’ असं लिहिलेली लाल बदामाची पाटी माझ्या पाहण्यात नाही. वाहतूक कोंडी फक्त उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात उपलब्ध करून देता येईल, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांची. पिठलं-भाकरी मुबलक आहे, मात्र ती विकत देण्याचा अनुभव कुणाला नाही. आपले लोक घरात शिरले तर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि पैसे काढले तर राग धरतील, एवढी जोखीम आहे.

आपली मंडळी येण्याचं ठरवत असतील तर रात्रीची ट्रॅव्हल्स घ्यावी. नगर, संभाजीनगर, जालना, मंठा करत ती पहाटे आणून सोडते. दिवाळीत तिचं भाडं विचारू नये, विमानाची आठवण येते. मोकळ्या हातानं आलं तरी चालेल, फक्त चिप्सच्या पुड्या आणल्या तर रिकाम्या परत न्याव्यात. बारवेत टाकायचा कचरा आमचा आम्हाला पुरतो, बाहेरून आणायची गरज नाही. लाऊडस्पीकर आणू नये, तोही आमचा आमच्याकडे आहे.

आणि शेवटची विनंती. दर्जा मंजूर झाल्यास एकदम पाठवू नका, थोडे थोडे पाठवा, आणि आधी कळवा. गावात एकाच वेळी पाच-सहा अनोळखी गाड्या शिरल्या की आमच्या लोकांना दोनच शक्यता सुचतात, निवडणूक किंवा लग्न. निवडणूक असली तर रेशन कार्ड घेऊन येतील. लग्न असलं तर आहेर घेऊन येतील, आणि नवरदेव कुठं आहे ते दाखवल्याशिवाय आपल्या लोकांना हलू देणार नाहीत.

आपला नम्र,
एक कायमचा रहिवासी,
मु. पो. चारठाणा
(सध्या मुक्काम वाघोली, सातवा मजला, लिफ्ट बंद)

ता. क. : हे पत्र मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, पण या शनिवारी कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. बैठक आठ वाजता आहे.